एकच लेन्स न्यायची तर

परवा भाचीचा फोन आला. डिसेंबरात नवरा-बायको दोघं जयपूरला चाललीत. नवा कॅमेरा घेतलाय, निकॉनचा झेड ५०. त्याच्याबरोबर छोटी झूम लेन्स आली आहे, पण दुकानदाराने आणि नवऱ्याच्या मित्रांनी डोक्यात भरवून दिलंय की शहर फिरायला "ऑल इन वन" लेन्स हवी. "मावशी, तू सांग. एकच घ्यायची तर कुठली?"

मी म्हटलं, फोनवर सांगण्यासारखं नाही ते, लिहून पाठवते. लिहायला बसले आणि पत्र लांबत गेलं, म्हणून इथेच टाकते आहे. आमच्या धाकट्या दिरांनाही वाचता येईल, कारण या विषयावर त्यांचं आणि माझं गेली कित्येक वर्षं जमलेलं नाही. भावजींचं मत स्पष्ट आहे. "वहिनी, १८ ते ३०० ची एकच लेन्स लावा आणि विसरा. देऊळही येतं, कळसावरचा कावळाही येतो." माझं मत असं की शहरात फिरताना कावळा आला नाही तरी चालतं. देवळासमोरचा रस्ता आला नाही तर मात्र पुढे फार पंचाईत होते. ती कशी होते ते मला अनुभवाने कळलंय, म्हणून एवढ्या ठामपणे सांगते आहे.

आधी थोडा हिशोब. (मास्तरीण आहे, फळ्याशिवाय चैन पडत नाही.) भाचीच्या आणि माझ्या कॅमेऱ्यातला सेन्सर जुन्या फिल्मपेक्षा लहान, साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद. जुन्या फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद असायची. म्हणून आपल्या लेन्सवरच्या आकड्याला दीडाने गुणायचं, म्हणजे जुने लोक ज्या भाषेत बोलतात तो आकडा मिळतो. पण मला त्याहून सोपा हिशोब आवडतो. कॅमेरा आडवा धरला, तर चित्रात किती रुंदी मावेल? सेन्सरच्या रुंदीला लेन्सच्या आकड्याने भागायचं आणि आपल्यापासून समोरच्या वस्तूच्या अंतराने गुणायचं. संपलं.

आता समजा, गल्ली अडीच मीटर रुंद आहे. आपल्या जुन्या शहरांत अशा गल्ल्या पुष्कळ. समोरच्या भिंतीला पाठ टेकून उभे राहिलात तर १८ च्या लेन्समध्ये सव्वातीन मीटर रुंदी मावते. म्हणजे दार, ओटा, शेजारची खिडकी, ओट्यावर बसलेलं माणूस, सगळं. ३५ च्या लेन्समध्ये जेमतेम पावणेदोन मीटर, म्हणजे दार आणि माणूस. २०० ला तीस सेंटिमीटर, म्हणजे कडी-कोयंडा. लांबचं ओढणाऱ्या लेन्सला मागे सरकायला जागा लागते आणि जुन्या शहरात नेमकी तीच नसते.

हे सगळं मी अहमदाबादेत शिकले. २०१३ च्या डिसेंबरात आम्ही दोघं तिथे गेलो होतो. फोटोचं वेड ह्यांचं. मी आपली पाणी, टोपी आणि बिस्किटं सांभाळणारी. ह्यांची बॅग म्हणजे एक प्रकरण होतं. डी ९० कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली १८-१०५, शिवाय १०-२४, शिवाय ७०-३००, आणि शेवटी हौसेने घेतलेली छोटी ३५ ची, एफ १.८. सगळं मिळून अडीच किलो. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी अडीच किलो खांद्याला लावून माणूस सकाळी साडेसातला निघायचा आणि अकरापर्यंत त्याचा चेहरा उतरायचा. "अहो, एखादी खोलीवर ठेवा ना," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "अगं, लागली तर?"

या "लागली तर"वर लेन्स विकणाऱ्यांचा सगळा धंदा चालतो, असं माझं मत आहे.

अहमदाबादच्या जुन्या शहरात महापालिकेची हेरिटेज वॉक असते. ती १९९७ सालापासून चालू आहे. काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघायचं आणि गल्लीबोळांतून जामा मशिदीपर्यंत पोचायचं. वाटेत पोळ लागतात. आपल्याकडचा बैलपोळ्याचा पोळ नव्हे. तिथे पोळ म्हणजे वेशीसारखा एक दरवाजा आणि आत एकमेकांना चिकटलेली घरं, एखादं देऊळ किंवा देरासर, पाखरांना दाणे टाकायला उंच खांबावरचा चबुतरा आणि दरवाजाशी काळा फळा. फळ्यावर पोळमधल्या लोकांसाठी खडूने निरोप लिहिलेला. (व्याकरणाने "पोळीत" लिहायला हवं, पण तसं लिहिलं की पुरणाची आठवण होते.) फळा पाहून मला काय आनंद झाला म्हणून सांगू! २०१७ साली युनेस्कोने या शहराला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, भारतातलं पहिलं शहर म्हणून. आम्ही गेलो तेव्हा ते व्हायचं होतं. अठराव्या शतकात पेशवे आणि गायकवाड यांचा तिथे अंमल होता, तेव्हा आपलं जरा नातंही लागतं. ते नातं तिथल्या माणसांना फारसं प्रेमाचं वाटत नसावं, पण तो वेगळा विषय.

तर ह्यांनी तिथे काय केलं? मोठी लेन्स लावून माणसं टिपली. दूर उभं राहायचं, त्यांना कळू द्यायचं नाही आणि चेहरा जवळ ओढायचा. ३०० ला दहा मीटरवरून पाऊण मीटर रुंदी मिळते, म्हणजे डोकं आणि खांदे. मागचं सगळं पुसट, रंगाचा नुसता लेप. अशा फोटोंना आमच्या फोटो-मंडळात टाळ्या पडत असत. "काय पार्श्वभूमी वितळवली आहे!" असं म्हणायचे.

एका पोळमध्ये एक म्हातारी ओट्यावर बसून गहू निवडत होती. पांढरं पातळ, डोक्यावर पदर, सुपात नजर. ह्यांनी लांबून सात-आठ फोटो घेतले. तेवढ्यात घरातून तिची सून बाहेर आली आणि तिने जे सुनावलं ते गुजराती न येणाऱ्यालाही कळलं असतं. चोरासारखे लांबून फोटो कसले काढता, विचारायला तोंड नाही का? हे अगदी पांढरे पडले. शिक्षकाच्या नवऱ्याला अशी बोलणी ऐकायची सवय नव्हती. (मुख्याध्यापकांकडून माझी मी ऐकत असे, ती वेगळी.)

मी पुढे झाले. माझं गुजराती म्हणजे मराठीला "छे" लावलेलं, पण म्हातारीच्या शेजारी ओट्यावर बसले आणि गव्हातले खडे वेचायला लागले. पाच मिनिटांत सून निवळली. चहा आला. ह्यांनी घेतलेला फोटो कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर म्हातारीला दाखवला. तिने बराच वेळ पाहिला आणि सुनेला काहीतरी सांगितलं. सून म्हणाली, बा म्हणतायत, याची प्रत मिळेल का? ह्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, पोस्टाने नक्की पाठवतो. आणि पत्ता घ्यायचा राहिला. उठलो, मंडळी पुढे गेली होती, त्यांना गाठायच्या घाईत दोघांच्याही डोक्यातून गेलं. मी तर शाळेत तीस वर्षं मुलांना पत्रलेखन शिकवलं, पत्ता उजव्या कोपऱ्यात की डाव्या, यावर गुण कापले!

त्याच सकाळी पुढच्या एका पोळच्या तोंडाशी मोठी लेन्स काढून ह्यांनी वैतागून ३५ ची लावली, हात दुखायला लागला म्हणून. तिथे एक इस्त्रीवाला होता. त्याला विचारलं, तो हसला, इस्त्री हातात धरूनच उभा राहिला. त्या फोटोत तो आहे, त्याचं टेबल आहे, मागे चबुतऱ्याचा खांब आहे आणि उजव्या कडेला फळ्याचा अर्धा भाग. त्यालाही प्रत कबूल केली. आणि दलपतराम चौकात माझ्या हातात कॅमेरा देऊन हे कवींच्या शेजारी जाऊन बसले. तिथे दलपतरामांच्या घराच्या ओट्यावर त्यांचा धातूचा पुतळा आहे, खरोखरच्या माणसाएवढा, घरच्यासारखा बसलेला. तेव्हा कॅमेऱ्याला ३५ चीच लेन्स होती. त्या सहलीतला ह्यांचा तेवढा एकच फोटो आहे.

२०१६ साली हे गेले. बॅग दोन वर्षं कपाटात होती. मग एका दुपारी मी संगणकावर त्या सहलीचे सगळे फोटो उघडले, अकराशेच्या वर होते. प्रत्येक फोटोबरोबर तो किती मिलिमीटरला घेतला याची नोंद असते, हे मला भावजींनीच दाखवलं, ते श्रेय त्यांचं. मी वहीत रकाने आखून खुणा करत बसले, मतमोजणीला बसावं तशी. गंमत अशी की मधले आकडे फार थोडे. जे होतं ते एक तर अगदी १८ च्या आसपास किंवा थेट ३०० ला. ह्यांच्या लाडक्या १०-२४ ने घेतलेले पुरते चाळीसही नव्हते, आणि त्यातल्या बहुतेकांत घरं मागे कलंडलेली. (रुंद लेन्स वर तिरकी केली की भिंती मागे झुकतात. माणूस कडेला असेल तर त्याचं डोकं दुधीभोपळ्यासारखं लांबतं.) जे फोटो मला पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटले ते मात्र ३५ चे होते, आणि संख्येने सगळ्यांत कमी.

भाचीला माझा पहिला सल्ला हाच आहे. लेन्स घ्यायच्या आधी आपले जुने फोटो उघडून मोजदाद करावी. मित्र, दुकानदार आणि मावशी यांच्यापेक्षा ती वही खरं सांगते.

मग मी दोन फोटोंच्या प्रती काढल्या, म्हातारीची आणि इस्त्रीवाल्याची. २०१९ च्या जानेवारीत बहिणीला घेऊन पुन्हा अहमदाबादला गेले. इस्त्रीवाल्याचा फोटो एका चहाच्या टपरीवर दाखवला. टपरीवाल्याने माणसाकडे पाहिलंच नाही, फळ्यावर बोट ठेवलं. "आ तो अमारी पोळ!" दहा मिनिटांत आम्ही त्या दरवाजात उभ्या होतो. इस्त्रीवाल्याने प्रत घेतली, टेबलावर ठेवून तिच्या कोपऱ्यावरची सुरकुती इस्त्री न लावता हातानेच सरळ केली. साहेब कुठे आहेत म्हणून विचारलं. सांगितलं.

म्हातारीचा फोटो घेऊन आम्ही दोन दिवस फिरलो. लोक हातात घेऊन न्याहाळायचे. "सरस छे" म्हणायचे. पण कुठली पोळ? खाली घातलेली मान, पदराने अर्धा झाकलेला चेहरा, आणि मागे नुसता हिरवट-करडा रंग. तो दाराचा रंग होता की भिंतीचा, हेसुद्धा कळत नाही. एक नक्षीदार खांब आला असता, एखादी पाटी, शेजाऱ्याची सायकल! मी सगळे आठही फोटो संगणकावर मोठे करून पाहिले होते. सगळे तसेच. त्या सकाळचा रस्ता मला आठवत होता असं वाटायचं, पण प्रत्येक वळणावर तसाच ओटा आणि तसंच दार. बहिणीचे गुडघे बोलायला लागले तेव्हा परतलो.

तेव्हापासून "पार्श्वभूमी वितळवली" असं कुणी कौतुकाने म्हटलं की माझ्या पोटात तुटतं. शहराच्या फोटोत पार्श्वभूमी हेच शहर. ते वितळवायला एवढ्या लांब कशाला जायचं?

भावजी म्हणतील, हा दोष लेन्सचा नाही, भावाने पत्ता लिहून घेतला नाही त्याचा. बरोबर आहे. ते असंही म्हणतील की १८-३०० मध्ये १८ सुद्धा आहेच की, वहिनी, कुणी नको म्हटलंय? हेही बरोबर. पण मोजदादीची वही माझ्याकडे आहे. ३०० हाताशी असलं की बोट तिकडेच फिरतं. माणसाशी बोलायचा संकोच असतो, आणि ती लेन्स संकोचाला सवलत देते. छोट्या लेन्समध्ये ती सवलत नाही. तीन मीटरवर जावंच लागतं, आणि तिथून नमस्कार न करता कॅमेरा उचलला तर आपलं आपल्यालाच लाजल्यासारखं होतं.

त्यांचा एक मुद्दा मात्र मी मान्य करते. धुळीच्या रस्त्यावर भर दुपारी लेन्स बदलणं वाईट, सेन्सरवर कण बसतात आणि आभाळाच्या प्रत्येक फोटोत ठिपके दिसतात. म्हणूनच मी म्हणते, सकाळी खोलीवरून निघताना एक लेन्स लावावी आणि जेवायला परत येईपर्यंत ती काढू नये. आणि सिदी सय्यदची जाळी! तिथे मोठ्या लेन्सचं राज्य मान्य. १५७२-७३ च्या सुमारास बांधलेली ती मशीद, तिच्या कमानीत दगडात कोरलेलं ते झाड, फांद्या एकमेकींत गुंतलेलं. जाळी उंचावर आहे. ३५ मधून ती पोस्टाच्या तिकिटाएवढी आली. मग मी कॅमेरा खाली ठेवला आणि पंधरा मिनिटं नुसती पाहत उभी राहिले. तिचे उत्तम फोटो पुस्तकांत पुष्कळ आहेत, माझ्या फोटोवाचून काही अडलेलं नाही.

संध्याकाळचा मुद्दा राहिलाच. शहर खरं उघडतं ते दिवेलागणीला. माणेक चौकात दिवसा सोन्या-चांदीचा बाजार असतो आणि रात्री तिथेच खाण्याच्या गाड्या लागतात. तवे, वाफा, पिवळे दिवे. अशा ठिकाणी मोठ्या पल्ल्याच्या झूम लेन्सची दमछाक होते. ३५ च्या आकड्याला अशा लेन्स साधारण एफ ४ पर्यंतच उघडतात. एफ १.८ तिच्या जवळजवळ पाचपट उजेड आत घेते. म्हणजे झूमने जिथे एक विसांश सेकंद लागेल तिथे हिने एक शतांश. एक विसांशात भाजी परतणाऱ्याचा हात धुरासारखा येतो. लेन्समधलं थरथर थांबवणारं यंत्र तुमचा हात स्थिर करतं, त्याचा नाही. उजेड कमी म्हणून आयएसओ वाढवावा तर जुन्या कॅमेऱ्यात रवा पडतो. नव्यात हे बरंच सुधारलंय, भाचीला त्याचा त्रास कमी होईल.

तर आता तिच्यासाठी. तुझ्या कॅमेऱ्याबरोबर आलेली १६-५० ची लेन्स १३५ ग्रॅमची आहे, मिटली की पेढ्याच्या छोट्या खोक्याएवढी. ती वाईट आहे असं ज्याने सांगितलं त्याच्याकडे विकायला दुसरी असणार. दिवसभर तीच पुरेल. हवामहालाची समोरच्या रस्त्यावरून पूर्ण दर्शनी बाजू घ्यायची तर १६ चा उपयोग होईलच. पैसे खर्च करायचेच असतील तर १८-१४० नको. ती ३१५ ग्रॅमची आहे, जड म्हणता येणार नाही, पण वर सांगितलेली सगळी सवलत तिच्यात आहे. त्याऐवजी २४ ची एफ १.७ घे. तीही १३५ ग्रॅमचीच. तिचा हिशोब तर तोंडी येतो: तू जितकी लांब उभी, तितकीच रुंदी चित्रात. अडीच मीटरच्या गल्लीत अडीच मीटर. माणूस येतो, त्याचं दार येतं आणि शेजारचा थोडा भाग येतो. ह्यांच्या ३५ पेक्षाही शहरासाठी मला तीच जास्त पटते. ३५ गल्लीत कधीकधी अडते, हे मी इतकी वर्षं ह्यांच्या प्रेमापोटी कबूल करत नव्हते. आणखी रुंद हवं तेव्हा खिशातला फोन आहेच, त्याची मुख्य लेन्स बहुधा रुंदच असते.

एक अडचण सांगून ठेवते. त्या २४ च्या लेन्समध्ये आणि तुझ्या कॅमेऱ्यातही थरथर थांबवायची सोय नाही. तुझा हात तरुण आहे, चालेल. माझा आता कपातला चहा बशीत सांडतो, म्हणून मी संध्याकाळी खांबाला टेकते किंवा कॅमेरा ओट्यावर ठेवते. ओटे पुष्कळ असतात.

आणि ह्यांची ७०-३०० मी भावजींना देऊन टाकली आहे. ते खूश आहेत, गच्चीवरून घारी टिपतात.

म्हातारीची प्रत पाकिटात घालून माझ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवलेली आहे. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ती म्हणते पुढच्या हिवाळ्यात जाऊ. भाचीला म्हटलं, जयपूरहून येताना अहमदाबादला उतरणार असशील तर तू घेऊन जा. ती म्हणाली, "मावशी, फोटो मोबाईलवर पाठव ना, मी विचारत फिरेन." पाठवते. पण प्रतही नेच म्हणावं. त्यांनी मागितली होती ती प्रत.